गोठलेली नदी आणि चित्राची साक्ष

जबलपूरच्या नर्मदेला गोठणे ठाऊक नाही. पौषाच्या पहाटेही ग्वारीघाटाशी तिचे पाणी वाहतेच असते. म्हणूनच अब्राहम हाँडियस या डच चित्रकाराने १६७७ साली रंगविलेली गोठलेली थेम्स येथील रसिकाला प्रथम नवलाची वाटते. भर लंडनात नदीच्या पात्रावर माणसे चालत आहेत आणि मागे घरांच्या भाराने वाकल्यासारखा जुना पूल उभा आहे.

इतिहासाच्या दृष्टीने चित्राचे मर्म त्या पुलात आहे. त्याच्या अरुंद कमानी प्रवाह अडवीत, पाणी संथ होई आणि कडाक्याच्या थंडीत गोठे. बर्फावरची शेवटची जत्रा १८१४ साली भरली. १८३१ मध्ये नवा पूल खुला झाला, जुना पाडण्यात आला. पुढे हवामानही उबदार होत गेले. चित्रकाराने रंगविला तो एक ऋतू. काळाने त्याचा दस्तऐवज केला.

हाच न्याय नर्मदेलाही लागू पडतो. जबलपूरच्या वरच्या अंगाला १९९० मध्ये बर्गी धरण पूर्ण झाले. त्याच्या बुडितात १६२ गावे आली. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांकडे चित्रकाराची दृष्टी सहज वळते. गावोगावचे साधे घाट आणि नावेचे उतार तिला क्वचितच खुणावतात. सौंदर्य निवडताना आपण साक्षही निवडीत असतो, याचे भान कलासमीक्षेने ठेवले पाहिजे. जे रंगविले गेले नाही, ते दुसऱ्यांदा बुडते.