दोनदा जळलेला सिनेमा आणि कोणती डिस्क घ्यावी हा प्रश्न

कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ आज फोनवर दोन क्लिकमध्ये सापडतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक प्रत साधारण ८० मिनिटांची, दुसरी ९७ मिनिटांची. एकीत बाख आणि विवाल्डी वाजतात, दुसरीत कोरस गातो, तिसरीत नुसता पियानो असतो, चौथी पूर्ण मूक. पोस्टर सगळीकडे तेच: फाल्कोनेत्तीचा चेहरा, भरून आलेले डोळे.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. एकाच नावाच्या चार फाइल्स दिसल्या की यातली मूळ कोणती आणि कुणी कधी काय बदललं, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. या सिनेमाच्या बाबतीत ते शोधायला गेलं की विसाव्या शतकातला एक सबंध इतिहासच हाती लागतो. म्हणून ‘कोणती डिस्क घेऊ’ या प्रश्नाचं उत्तर जरा लांबून देतो.

पहिली आग, दुसरी आग

जोनला १४३१ साली फ्रान्समधल्या रुआन शहरात जाळलं. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. १९२० मध्ये कॅथलिक चर्चने तिला संतपद दिलं आणि काही वर्षांतच एका फ्रेंच कंपनीने ड्रायरला तिच्यावर सिनेमा करायला सांगितलं. ड्रायरने लढाया आणि घोडे बाजूला ठेवले. खटल्याची मूळ कागदपत्रं घेतली, कित्येक महिन्यांच्या चौकशा एका दिवसात बसवल्या आणि कॅमेरा चेहऱ्यांच्या अगदी जवळ नेला. नटांना मेकअप नव्हता. सुरकुत्या, घाम, चामखीळ, सगळं दिसतं. शेवटाकडे जोनचे केस कापतात, ते फाल्कोनेत्तीचे खरेच केस आहेत.

२१ एप्रिल १९२८ ला कोपनहेगनमध्ये सिनेमाचा पहिला खेळ झाला. पॅरिसमध्ये तो ऑक्टोबरमध्ये लागला, पण तोवर धर्माधिकारी आणि सेन्सॉर यांच्या दबावाखाली कात्री चालली होती. इंग्रज सैनिकांच्या चित्रणामुळे ब्रिटनने त्यावर बंदीच घातली. आणि डिसेंबर १९२८ मध्ये बर्लिनच्या ज्या लॅबमध्ये मूळ निगेटिव्ह ठेवली होती, तिथे आग लागली. निगेटिव्ह गेली.

त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असायची. बंदुकीच्या दारूची ही सख्खी बहीण. हिच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते.

ड्रायरने मग एक विलक्षण गोष्ट केली. चित्रीकरणात प्रत्येक शॉटचे अनेक टेक घेतलेले असतात. सर्वोत्तम टेक मूळ सिनेमात गेले होते, उरलेले डब्यात पडून होते. त्या उरलेल्या टेकमधून त्याने अख्खा सिनेमा, जवळजवळ शॉटला शॉट जुळवत, पुन्हा उभा केला. आणि १९२९ मध्ये या दुसऱ्या निगेटिव्हच्या लॅबलाही आग लागली.

आगीत जाणाऱ्या मुलीचा सिनेमा दोनदा आगीत गेला. कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपण ‘जरा अतीच झालं’ म्हटलं असतं.

तीस वर्षं चुकीचे अश्रू

दुसऱ्या महायुद्धानंतर गोमों कंपनीच्या तिजोरीत एक निगेटिव्ह सापडली. ती होती दुसऱ्या आवृत्तीची, म्हणजे ‘उरलेल्या टेक’ची. लो दुका नावाच्या चित्रपट-इतिहासकाराने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती नव्याने बाजारात आणली. हेतू चांगला होता. पण त्याने तिच्यावर बरोक संगीत चढवलं. ध्वनीच्या पट्टीला जागा हवी म्हणून चित्राची एक बाजू छाटली गेली. मजकुराच्या साध्या पाट्यांच्या जागी चर्चच्या रंगीत काचा आणि बाकं आली. ड्रायर तेव्हा जिवंत होता आणि त्याला हे मुळीच रुचलं नाही.

पुढची तीसेक वर्षं जगाने मुख्यतः हाच सिनेमा पाहिला. महान म्हणून त्याच्यावर लेख लिहिले गेले. फाल्कोनेत्तीच्या डोळ्यांतून ओघळणारे जे थेंब पाहून लोक गहिवरले, ते बहुतेक वेळा दिग्दर्शकाने पहिल्यांदा बाजूला ठेवलेल्या टेकमधले होते. मला या गोष्टीचं दुःख होत नाही, कुतूहल वाटतं. तिचा दुसरा टेकही इतका भारी होता, तर पहिला कसा असेल?

उत्तर मिळालं १९८१ मध्ये, ऑस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात. तिथल्या साफसफाईच्या सामानाच्या कपाटात फिल्मचे काही डबे निघाले. ते नॉर्वेच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे गेले आणि नीट तपासले जायला आणखी काही वर्षं लागली. आत होती १९२८ ची, डॅनिश पाट्या असलेली, फ्रेंच कात्री लागण्याआधीची पहिली आवृत्ती. ड्रायर १९६८ मध्ये गेला होता, फाल्कोनेत्ती त्याच्याही आधी १९४६ मध्ये. आपलं काम वाचलंय हे दोघांनाही कळलं नाही.

तेव्हा पहिला नियम सोपा आहे: जी प्रत या ऑस्लो प्रिंटवरून केलेली आहे तीच घ्या. पाट्या डॅनिश असतील तर बहुधा तुम्ही योग्य जागी आहात. पार्श्वभूमीला रंगीत काचा दिसल्या तर ती लो दुकाची प्रत. ती पाहायला हरकत नाही, पण दुसऱ्यांदा.

वीस की चोवीस?

आता खरा पेच. सेकंदाला २४ फ्रेम हा वेग ध्वनी आल्यावर पक्का झाला, कारण फिल्म हळू-जलद पळाली तर आवाज बदलतो. मूकपटांना ही सक्ती नव्हती. कॅमेरामन एका वेगाने फिरवायचा आणि थिएटरचा ऑपरेटर आपल्या मर्जीने दुसऱ्या.

थोडं गणित करू. ३५ एमएम फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण ५२.५ फ्रेम बसतात. हा सिनेमा सुमारे २,२०० मीटरचा, म्हणजे अंदाजे १ लाख १५ हजार ५०० फ्रेम. त्यांना २४ ने भागलं तर ८० मिनिटं, २० ने भागलं तर ९६. फ्रेम तेवढ्याच, एकही जास्त नाही. सुरुवातीला दिसलेला सोळा-सतरा मिनिटांचा फरक हा असा वेगातून येतो.

फरक लहान वाटतो, पण हा सिनेमा चेहऱ्यांचा आहे. न्यायाधीश प्रश्न विचारतो, जोनची नजर वर जाते, ओठ हलतात, उत्तर येतं. २४ ला हे सगळं धारदार आणि आक्रमक होतं, चौकशीचा मारा जाणवतो. २० ला तिच्या डोळ्यांत विचार येताना दिसतो. २० च्या बाजूचे लोक म्हणतात, माणसांची हालचाल याच वेगाला नैसर्गिक वाटते. २४ च्या बाजूचे म्हणतात, त्या काळी थिएटरं सिनेमे जोरातच पळवायची, मग प्रेक्षकांनी पाहिला तोच वेग खरा का नाही?

एक तांत्रिक गंमत: ब्लू-रेला २० फ्रेमचा वेग ठाऊकच नाही. म्हणून दर पाच फ्रेममागे एक पुन्हा दाखवतात. पाचाच्या सहा झाल्या की विसाच्या चोवीस होतात. म्हणजे ‘अस्सल’ वेगातला प्रत्येक सहावा क्षण नक्कल असतो.

संगीताचं काय?

ड्रायरने या सिनेमासाठी एकच एक संगीत ठरवून मागे ठेवलेलं नाही. त्यामुळे इथे प्रत्येक रचना म्हणजे कुणीतरी नंतर केलेला अर्थ आहे. अमेरिकन संगीतकार रिचर्ड आइनहॉर्नची १९९४ ची ‘व्हॉइसेस ऑफ लाइट’ ही कोरस आणि वाद्यवृंदाची रचना सर्वांत प्रसिद्ध आहे. ती सुंदर आहे, हीच तिची अडचण. काय वाटायचं ते ती आधीच सांगून टाकते. मिए यानाशिता यांचा पियानो मागे राहतो आणि चेहऱ्यांना बोलू देतो.

मग घ्यायची कोणती?

दोन डिस्क विचारात घ्याव्यात. ब्रिटनच्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ची २०१२ ची आणि अमेरिकेच्या ‘क्रायटेरियन’ची २०१८ ची. दोन्हींत दोन्ही वेग आहेत. ब्रिटिश डिस्कवर २० ला यानाशितांचा पियानो, २४ ला लॉरेन कॉनर्सचं प्रायोगिक संगीत आणि वर लो दुकाची आवृत्तीही आहे. क्रायटेरियनवर आइनहॉर्न आणि यानाशितांसह तीन संगीतरचना आहेत.

माझा कौल ब्रिटिश डिस्कला. जग तीस वर्षं काय बघत होतं आणि कपाटात काय पडून होतं, हे दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी आहे. फक्त ऑर्डर करण्याआधी एक लक्षात घ्या: ब्लू-रेच्या वाटणीत भारत ‘रीजन सी’मध्ये येतो, अमेरिका ‘ए’मध्ये आणि ब्रिटन ‘बी’मध्ये. रीजन-फ्री प्लेअर नसेल तर हजारो रुपयांची डिस्क शोभेची वस्तू होईल.

पहिल्यांदा पाहताना २० चा वेग निवडा आणि आवाज पूर्ण बंद ठेवा. दहा मिनिटं अवघड जातील. मग ऐकू यायला लागतं.

एवढी चिकित्सा एका परक्या सिनेमासाठी कशाला, असं कुणी विचारेल. मला ती करताना सतत आपल्याकडचं आठवत होतं. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट बनले, त्यातले अगदी मोजके उरले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आपण जी रिळं पाहतो, ती १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, हजारो रिळं गेली. तीच फिल्म, तशीच आग.

ड्रायरच्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या, दोन वेग आणि अर्धा डझन संगीतांमधून निवडायची आपल्यावर पाळी येते, ही श्रीमंती आहे. आपल्या बहुतेक मूकपटांबाबत निवडायला काहीच शिल्लक नाही. तेव्हा गावच्या जुन्या टॉकीजच्या माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओत किंवा कुणा आजोबांच्या ट्रंकेत गंजलेला डबा दिसला, तर भंगारात देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला एक फोन करा. डबा तुम्ही उघडू नका, आणि उन्हापासून, विस्तवापासून लांब ठेवा. डिकेमार्कच्या त्या कपाटात काय आहे, हेही कुणाला माहीत नव्हतं.