लक्ष्मीबाई डोंगरे यांचे पाठ

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काढलेली मुलींची शाळा, मिशनऱ्यांच्या शाळा आणि सरकारी शिक्षणखात्याची स्थापना हे त्याचे सर्वपरिचित टप्पे आहेत. याच काळात घराच्या चार भिंतींत आईवडिलांकडून मुलांना जे शिक्षण मिळत होते, त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात झाली नाही, आणि म्हणून ते इतिहासाच्या कक्षेतही फारसे आले नाही. अशा घरगुती शिक्षणाचे एक उदाहरण मात्र पुरेशा तपशिलाने अभ्यासता येते, कारण त्या घरातील धाकट्या मुलीने पुढे स्वतःच्या घडणीविषयी लिहून ठेवले. ते घर म्हणजे पंडिता रमाबाईंचे माहेर, अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई डोंगरे यांचे बिऱ्हाड. या बिऱ्हाडाला रमाबाईंच्या जन्मानंतर स्थिर छप्पर असे फारसे लाभलेच नाही.

त्या काळी मराठी मुलखात मुलाचे शिक्षण दोन जागी होत असे. पंतोजी, म्हणजे पालकांकडून धान्य व पैसे घेऊन गावात मुले शिकवणारा शिक्षक, ओसरीवर किंवा देवळात शाळा भरवी. तिथे धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, मुले अक्षरे गिरवीत, पुढे बोरूने मोडीचा सराव करीत, आणि अंकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढेही घोकीत. दुसरी जागा घर. दिवेलागणीला मुलांकडून पाढे व स्तोत्रे म्हणवून घेण्याच्या प्रथेला परवचा म्हणत, आणि दिवसभर जे शिकले ते पक्के करून घेण्याचे काम तेथे वडीलधारी माणसे करीत. मुली परवचा ऐकत असत, त्यांच्या कानांवरून स्तोत्रे आणि कहाण्या जात असत, त्यांतले पुष्कळसे त्यांना पाठही होई. परंतु त्यांच्या हाती पोथी देऊन अर्थ, व्याकरण आणि कोश यांसह शास्त्र शिकवावे, ही कल्पना ब्राह्मण घरांतही अमान्य होती. डोंगऱ्यांच्या घराचे वेगळेपण इथे सुरू होते.

अनंतशास्त्री मूळचे मंगळूरकडील माळहेरंजी गावचे, चित्पावन घराण्यातले. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत होते. हे शास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन त्याची पत्नी वाराणसीबाई हिला संस्कृत शिकवीत असत. गुरूंच्या मागोमाग वाड्यात गेलेल्या या तरुणाने एका स्त्रीला शुद्ध संस्कृत श्लोक म्हणताना ऐकले आणि आपल्याही पत्नीला ही विद्या द्यायची असा निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधापुढे टिकला नाही. तिच्या मृत्यूनंतर, वयाच्या चाळिशीत, तीर्थयात्रेत असताना गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि वधू लक्ष्मीबाई तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती. या विवाहाकडे आजच्या वाचकाने संकोचाने पाहिले तर ते योग्यच आहे. परंतु त्याबरोबर हेही लक्षात घ्यावे लागते की या घरातील पहिला बालविद्यार्थी म्हणजे पुढे त्याच घराची शिक्षिका झालेली ही मुलगी होती, आणि माहेरच्या अंगणातून उचलून आणले त्या वयात तिला नवरा, गुरू आणि परका मुलूख या तिन्हींशी एकदमच जुळवून घ्यावे लागले.

पत्नीला संस्कृत शिकवण्यास जातिबांधवांनी आक्षेप घेतला, तेव्हा अनंतशास्त्र्यांना उडुपीच्या विद्वानांपुढे आपली बाजू मांडावी लागली. त्यांची भूमिका परंपरेच्या आतूनच उभी होती. वेद वगळता इतर धर्मग्रंथ, म्हणजे पुराणे, महाभारत, रामायण, काव्य आणि त्यांसाठी लागणारे व्याकरण, यांचे अध्ययन स्त्रिया आणि शूद्र यांना निषिद्ध नाही, असे ते शास्त्रवचनांच्या आधारे सांगत. जातीचे सर्व नियम ते कसोशीने पाळीत आणि तरीही या एका बाबतीत मागे हटत नसत. त्यांना सुधारक म्हणायचे की सनातनी, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या सोयीचा आहे, त्यांच्या स्वतःच्या मनात तो नव्हता. वाद जिंकूनही गावात निवांतपणे शिकवता येणार नाही हे ओळखून त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळ या जागी, जिथे तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांची उगमस्थाने मानली जातात, अरण्यात आश्रम बांधला. आश्रम म्हणजे येथे निवासी विद्यार्थ्यांसह असलेले गुरूचे घर असे समजावे. तिथल्या पहिल्या रात्री दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता आणि लहानगी लक्ष्मीबाई पासोडी गुंडाळून भीतीने थरथरत पडली होती, असे वर्णन आढळते.

या आश्रमात विद्यार्थी येत आणि यात्रेकरूही येत. सर्वांचे अन्नपाणी यजमानाने करावे हा धर्म मानला गेल्याने स्वयंपाकाचा व उस्तवारीचा भार लक्ष्मीबाईंवर पडला आणि खर्चाचा भार मालमत्तेवर. अभ्यासासाठी मोकळी जागा हवी म्हणून गाव सोडले, आणि त्या जागेचे पावित्र्य पाहून गर्दी तिथेच लोटली. एप्रिल १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला तोवर संपत्ती संपत आली होती. मूल सहा महिन्यांचे असताना वेताच्या पेटीत घालून त्याला डोंगरावरून खाली आणले गेले, आणि आई, वडील, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास व रमाबाई अशा पाच जणांच्या कुटुंबाची यात्रा सुरू झाली. ती पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली.

हे कुटुंब पुराणिकाच्या वृत्तीवर जगत होते. देवळात, घाटावर किंवा धर्मशाळेत बसून पुराणाचे पारायण करणे, ऐकणाऱ्यांना अर्थ सांगणे, आणि श्रोते जे धान्य, फळे, वस्त्र वा नाणी ठेवतील त्यावर चरितार्थ चालवणे, ही ती वृत्ती होय. अशा घरात शिकणे आणि पोट भरणे यांच्यात भिंत नसते, कारण मुलांना जे पाठ करायला लावले जाते त्याच श्लोकांवर संध्याकाळचे जेवण ठरलेले असते. भागवताची परंपरेने सांगितली जाणारी श्लोकसंख्या १८,००० आहे. त्यातील मोठा भाग आपल्या मुखी असावा असा प्रयत्न या मुलांनी केला, आणि वडील थकल्यावर भाऊ व बहीण स्वतः पुराण सांगू शकले ते याच तयारीमुळे.

या शिक्षणाचा कर्ता कोण, हा प्रश्न येथे सोडून देण्याजोगा नाही. थोरल्या दोन मुलांना वडिलांनी शिकवले. परंतु रमाबाई शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा ते वृद्ध झाले होते आणि त्यांची दृष्टी व शक्ती क्षीण होत चालली होती. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना शिकवले ते लक्ष्मीबाईंनी. पद्धत संथेची होती. संथा म्हणजे गुरूने एक तुकडा उच्चारायचा, शिष्याने तो त्याच स्वराघातासह पुन्हा म्हणायचा, चूक सुधारायची, मग पुढचा तुकडा. या पद्धतीला पुस्तक लागत नाही, बैठक लागत नाही, दिवा लागत नाही. लागतो तो फक्त शिकवणाऱ्याचा अखंड वेळ, आणि ज्या बाईला मुक्कामावर चूल मांडायची, पाणी भरायचे, पतीची पूजेची तयारी करायची, तिच्यापाशी तो वेळ पहाटेखेरीज नव्हता. म्हणून दिवस उजाडण्यापूर्वी झोपेतल्या मुलीला गोड शब्दांनी जागे करून पाठ दिला जाई. व्याकरण आणि कोश आधी पाठ, अर्थ पुढे, काव्य व पुराण त्यानंतर, असा क्रम होता.

या पहाटेच्या पाठांचे एक हृद्य चित्र डॉ. रेचल बॉडली यांनी १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत रेखाटले आहे. ते वाचताना गंगामूळचा आश्रम आणि तिथली पाखरे डोळ्यांपुढे उभी राहतात. मात्र रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनाशी ते ताडून पाहिले की अडचण येते, कारण पाठ सुरू झाले तेव्हा गंगामूळ सुटून बरीच वर्षे लोटली होती. ते पाठ निरनिराळ्या मुक्कामी, धर्मशाळांच्या पडवीत, देवळांच्या आवारात, वाटेतल्या झाडाखाली झाले असले पाहिजेत. अमेरिकी वाचकाला स्थिर आश्रम भावला असता हे खरे, तरी वस्तुस्थिती अधिक आदरास पात्र आहे: रोज बदलणाऱ्या जागेत आणि रोज अनिश्चित असलेल्या शिध्यात एका आईने सात वर्षे एक अभ्यासक्रम टिकवून धरला. अनंतशास्त्र्यांचे नाव स्त्रीशिक्षणाच्या चर्चेत निघते, लक्ष्मीबाईंचे क्वचित निघते. परंतु रमाबाईंनी आपला हा इंग्रजी ग्रंथ आईच्या स्मृतीस अर्पण केला आणि तिच्या शिकवणुकीचा त्यात कृतज्ञतेने उल्लेख केला, ही साक्ष डावलता येत नाही.

पाठांपलीकडेही एक शिक्षण चालू होते, आणि ते कोणी योजलेले नव्हते. घरात मराठी बोलली जाई; रमाबाईंनी ती आईवडिलांच्या तोंडून ऐकून आणि पुढे मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून आत्मसात केली. प्रवासात कन्नड, हिंदी आणि कालांतराने बंगाली याही भाषा कानांवर पडून अवगत झाल्या. तीर्थक्षेत्री येणाऱ्या सर्व थरांतील माणसांची वागणूक, विधवांची दशा, पुजाऱ्यांची हाव, हेही मुलांनी फार लवकर पाहिले. ज्याला घरातच शिकवले त्या मुलाला जग दिसत नाही, असा समज या कुटुंबापुरता तरी टिकत नाही.

तथापि वडिलांचा हेतू मात्र नेमका उलट होता. मुले शुद्ध धार्मिक राहावीत म्हणून व्यावहारिक विद्यांपासून आणि बाहेरच्या संगतीपासून त्यांना दूर ठेवले होते, आणि या निर्णयाची किंमत दुष्काळाने वसूल केली. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नटंचाई वाढत गेली, श्रोत्यांच्या हाती दान करण्याजोगे काही उरले नाही, आणि पुराणिकाचे उत्पन्न आटले. भीक मागणे कमीपणाचे, मोलमजुरी जातीला न शोभणारी, आणि दुसरा कोणताही धंदा अवगत नाही, अशी आपली स्थिती होती हे रमाबाईंनी पुढे कठोर स्पष्टपणे लिहिले आहे. भांडी आणि दागिने विकून झाले, उपवास आणि अनुष्ठाने करून झाली, आणि कुटुंब रानातल्या पाल्यावर व फळांवर दिवस काढू लागले. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले, थोड्याच काळाने लक्ष्मीबाई गेल्या. त्यांच्या प्रेताला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून मुलीला स्वतः भार वाहावा लागला. पुढे कृष्णाबाईही पटकीने दगावली. पांडित्याच्या दृष्टीने असामान्य असलेले हे घर मूठभर धान्य मिळवण्याच्या बाबतीत असहाय ठरले. घरगुती शिक्षणाचा गौरव करणाऱ्याने हे प्रकरण गाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

उरलेल्या दोघा भावंडांनी पायी उत्तर हिंदुस्थान पालथा घातला आणि १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या मुलीने एकही दिवस शाळेत काढला नव्हता ती ही परीक्षा आईच्या पाठांच्या जोरावर उत्तीर्ण झाली.

महाराष्ट्रात त्या १८८२ मध्ये आल्या. त्याआधी १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांनी नवपरिणीत पत्नी रमाबाई रानडे यांना पुण्यातल्या घरी अक्षरओळखीपासून शिकवायला सुरुवात केली होती, आणि घरातील बायकांच्या रोषातून त्यांना कसे जावे लागले हे त्यांच्या १९१० मधील आठवणींत नोंदले आहे. डोंगऱ्यांनी हा रोष टाळण्यासाठी गाव सोडले, रानड्यांना तो एकाच छपराखाली सोसावा लागला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्रीशिक्षणासाठी आपल्या वडिलांनी सोसलेल्या छळाचा उल्लेख केला आणि स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली.

स्वतःच्या मुलीच्या, मनोरमेच्या, बाबतीत पंडिता रमाबाईंनी आपल्या घरची रीत तशीच चालवली नाही. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती मठातील भगिनींकडे तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने रूढ केलेल्या किंडरगार्टन पद्धतीचे प्रशिक्षण घेतले. या पद्धतीत लहान मुलाला वस्तू हाताळायला देऊन, गाणी आणि खेळ यांतून शिकवले जाते. तोंडी संथेवर वाढलेल्या या स्त्रीने ती उत्साहाने स्वीकारली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढल्या वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन हे शाळा आणि घर यांचे मिश्रण होते. तेथे विधवा व मुली एकत्र राहत, जेवत आणि शिकत. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणले, आणि केडगाव येथील मुक्ती सदनाचा व्याप वाढला. तेथे पुस्तकी शिक्षणाबरोबर विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा आणि छपाई यांचे काम मुलींना शिकवले जात असे. धर्मशाळेच्या पडवीत पहाटे मिळालेल्या पाठांत जे नव्हते, ते येथे पहिल्यापासून ठेवलेले होते.