खाऱ्या वाऱ्याची वाट

हिवाळ्यातल्या सकाळी मुंबई बंदराच्या पाण्यावर जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो. ऊन तापू लागले की तो मंदावतो, मध्ये काही काळ वारा पडून पाणी शांत होते आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे खारे वारे एखाद्या दिवशी उशिरा आले तर मुंबईचा पारा चढतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. कोकण किनाऱ्यावरच्या शिडाच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या याच वेळापत्रकावर चालत आल्या. पहाटे मतलई वाऱ्याबरोबर बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे.

मुंबई बंदराची मात्र एक गोष्ट निराळी आहे. बंदर शहराच्या पूर्वेला आणि उघडा समुद्र पश्चिमेला. म्हणजे दुपारचा वारा बंदराच्या पाण्यावर थेट समुद्रावरून येत नाही, तो आधी अख्खे शहर ओलांडतो आणि मग अपोलो बंदरावरून पाण्यात उतरतो. या बंदराचा मोठेपणा मुळात याच रचनेत होता. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा समुद्र खवळला की कुलाब्यापासून वर पसरलेली जमीन लाटा अडवी आणि आतल्या बाजूला शेकडो गलबते निर्धास्त नांगरून राहत. आड होती, पण ती ठेंगणी होती. मलबार हिलचा उंचवटा सोडला तर दक्षिण मुंबई जवळजवळ सपाट. लाटा अडत, वारा वरून निघून येई.

या ठेंगण्या आडोशाच्या आत एक मोठा व्यवसाय उभा राहिला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढची शंभराहून अधिक वर्षे इथे सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे त्यांतले जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपून ठेवले आहे. त्याच बंदरात कोकणातून गलबते, मचवे, पडाव, फतेमाऱ्या येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भाऊ अजिंक्य यांनी बांधलेल्या धक्क्याला त्यांचे नाव कायमचे चिकटले ते याच वर्दळीमुळे. धक्क्याला लागणाऱ्या प्रत्येक तांडेलाला शेवटच्या काही शे वावांत वारा कसा वागेल हे ठाऊक असावे लागे. भर समुद्रात वारा चुकला तर वेळ जातो, धक्क्याजवळ चुकला तर नाळ फुटते.

त्या काळात शहरातही वाऱ्याला मोकळी वाट होती, आणि ती ठेवली होती लष्कराने. कोटाच्या पश्चिमेला तोफांचा मारा अडू नये म्हणून मोठे मैदान रिकामे राखलेले असे. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे. बॅक बेवरून आलेला वारा या मैदानावरून विनाअडथळा कोटापर्यंत पोचे. वाऱ्यासाठी म्हणून हे कोणी केले नव्हते, पण फायदा वाऱ्याला झाला. १८६० च्या दशकात कोट पाडला आणि मैदानाच्या कडेला हायकोर्ट, विद्यापीठ अशा भव्य इमारती उठल्या. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच. पण एकटा सडपातळ मनोरा वाऱ्याला फारसा अडवत नाही. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वळसा घालतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा एक होतो. उंचीइतकीच रुंदी महत्त्वाची असते, आणि रुंद-उंच भिंतींचा काळ यायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती.

शहराने वाऱ्याचा गांभीर्याने विचार केला तो जहाजांसाठी नव्हे, माणसांसाठी. १८९६ मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत हवा खेळत नाही हे त्याचे एक कारण मानले गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जे रस्ते आखले त्यांतले प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड मुद्दाम पूर्व-पश्चिम आखले होते. हेतू हा की पश्चिमेचा समुद्रवारा गर्दीच्या वस्तीत आतपर्यंत शिरावा. नव्या चाळींसाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियमही घातला. समोरच्या इमारतीची उंची आणि मधली मोकळी जागा यांचे प्रमाण असे हवे की खोलीला उजेड आणि हवा मिळेल. प्लेग पिसवांमुळे पसरतो, कोंदट हवेमुळे नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. ट्रस्टने घरे पाडताना गरिबांना बेघर केले, ही त्याच्यावरची टीकाही खरी आहे. तरीही समुद्रावरच्या वाऱ्याची वाट नकाशावर रेघ मारून राखायची, ही कल्पना या शहराला एकदा सुचली होती आणि ती अमलातही आली होती, हे विसरता कामा नये.

त्याच सुमारास कुलाब्यात आणखी एक बोलकी घटना घडली. कुलाबा वेधशाळा १८२६ पासूनची, आणि तिच्या चुंबकीय नोंदी जगभर नावाजलेल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणे बिघडतील हे आधीच ओळखले गेले आणि १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले. ट्राम धावू लागायच्या आधीच हे झाले. शहर वाढताना कशाला धक्का लागणार आहे हे आधी तपासता येते, त्यासाठी खर्चही करता येतो, याचे हे चांगले उदाहरण. वाऱ्याच्या नशिबी अशी तत्परता आली नाही.

त्याचे मोठे कारण इंजिन. आगबोटींनी गलबतांचा व्यापार हळूहळू खाल्ला आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत कोळ्यांच्या होड्यांनाही यंत्रे बसली. बंदराचे पोट वाऱ्यावर अवलंबून राहिले नाही. वारा बिघडला तर तक्रार करणारे मागे उरले ते प्रामुख्याने छंदासाठी आणि स्पर्धेसाठी शिडे उभारणारे लोक. १८४६ मध्ये स्थापन झालेला, १८७६ मध्ये ‘रॉयल’ झालेला बॉम्बे यॉट क्लब, नौदलाचे नौकानयनपटू, आणि पावसाळा सरल्यावर गेटवेसमोर उतरणाऱ्या ‘सीबर्ड’ जातीच्या लाकडी होड्या.

आणि नेमक्या याच वेळी पश्चिमेला नवी जमीन उभी राहत होती. बॅक बे बुजवण्याचा पहिला प्रयत्न १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात बुडाला. दुसरा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात. त्यातल्या उधळपट्टीविरुद्ध खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी मोठे रान उठवले आणि आठांपैकी निम्मेच भाग पुरे झाले. उरलेल्या पाण्यात भराव पडला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तिथल्या टोकाला नरिमन यांचेच नाव मिळाले. १९७० च्या दशकाच्या पहिल्या पाच वर्षांत तिथे एक्स्प्रेस टॉवर्स, पस्तीस मजली ओबेरॉय आणि तेवीस मजली एअर इंडिया इमारत अशी रांग उभी राहिली. कफ परेडला विश्वेश्वरय्या केंद्राचा १५६ मीटरचा मनोरा आला, पूर्ण झाला तेव्हा दक्षिण आशियातला सर्वांत उंच. आणि बंदराच्या अगदी काठावर, १९०३ च्या जुन्या ताजला लागून, १९७३ मध्ये नवा ताज उभा राहिला.

उंच इमारतीवर वारा आदळला की काय होते? दर्शनी भिंतीच्या साधारण वरच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ वारा थबकतो. त्याच्या वरचा भाग गच्चीवरून निघून जातो आणि खालचा भिंतीवरून घसरत जमिनीकडे येतो. उंचावरचा वारा नेहमीच जोरकस असतो, तो असा रस्त्यावर आणून सोडला जातो. इमारतीच्या कोपऱ्यांवर त्याला आणखी वेग येतो, दोन मनोऱ्यांच्या फटीतूनही येतो. पाठीमागे मात्र पोकळी पडते. तिथे वारा कमजोर, फिरता, कधी उलटाही असतो आणि दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटत राहतात.

शिडाला नुसता वारा पुरत नाही, एकसारखा वारा लागतो. इमारतींच्या मागे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात. शीड लुळे पडते, होडीचा वेग जातो, सुकाणूला पाणी लागेनासे होते, आणि तेवढ्यात फटीतून सुटलेला झोत भलत्याच अंगाने येतो. शिडाखालची आडवी काठी फटकन या बाजूची त्या बाजूला जाते. छोटी होडी कलंडायला एवढे पुरते. नांगरलेल्या होड्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याला तर हा खेळ महागच पडतो.

इमारतीमागची ही वाऱ्याची सावली किती लांब पडते? हवामानशास्त्राचा एक जागतिक दंडक इथे उपयोगी पडतो. वारा मोजायचे यंत्र मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर बसवावे आणि जवळच्या कोणत्याही अडथळ्यापासून ते त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट दूर असावे. म्हणजे शंभर मीटर उंच इमारतीमागे एक किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यावर मोजमापासाठी विसंबून राहायचे नाही. नरिमन पॉइंटपासून अपोलो बंदर जेमतेम दीड किलोमीटर. एकट्या इमारतीचा परिणाम तिथवर पोचेपर्यंत बराच विरतो. पण रांगच्या रांग असते तेव्हा एका सावलीतून वारा सावरायच्या आत दुसरीत शिरतो, आणि काठावरचा शेवटचा मनोरा आपली सावली थेट पाण्यावर टाकतो. बंदरात थोडे आत, मोकळ्या पाण्यावर गेले की वारा सावरतो. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती मुंबईलाच झाल्या आणि फायरबॉल प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा बंदर शिडाला निरुपयोगी झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. बिघडतो तो काठ. होडी निघते आणि परतते ती तिथेच, आणि नवशिकी मुले शिकतातही तिथेच.

जगातल्या काही बंदरांनी हा हिशेब मांडून पाहिला आहे. नेदरलँड्समध्ये पवनचक्कीला तिच्या वाऱ्याचा हक्क होता, शेजाऱ्याने तो अडवायचा नाही. स्खीडाम या दारू गाळण्यासाठी प्रसिद्ध गावात घरांच्या वरून वारा मिळावा म्हणून चक्क्याच ३३ मीटरपर्यंत उंच बांधल्या गेल्या. तिथून जवळच, रॉटरडॅमच्या बंदरात, १९८५ मध्ये उलटा प्रयोग झाला. कालांड कालव्यावरच्या पुलातून जाणाऱ्या उंच अंगाच्या जहाजांना आडवा वारा ढकलत असे. म्हणून काठावर २५ मीटर उंच काँक्रीटच्या पट्ट्यांची पावणेदोन किलोमीटर लांब ओळच उभारली. मार्टेन स्ट्रॉइस या वास्तुकाराची ही रचना. पट्ट्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत, कारण सलग भिंतीमागे भोवरे माजतात आणि फटी असलेली भिंत वाऱ्याला नुसते मवाळ करते. बांधकाम बंदरावरचा वारा बदलते, इतकेच नव्हे तर ते ठरवून बदलता येते, हे या भिंतीने दाखवून दिले. सॅन फ्रान्सिस्कोने १९८५ मध्ये नव्या इमारतींमुळे रस्त्यावर किती वारा चालेल याची मर्यादा कायद्यात घातली. पुढे कँडलस्टिक पॉइंटच्या आसपासच्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत तर तिथल्या पाण्यात विंडसर्फिंग करणाऱ्यांच्या वाऱ्याचे काय होईल, हेही तपासले गेले.

आपल्याकडे उंच इमारतीचे गणित आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागावर चालते. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे वादळी झोताचा. वारा इमारतीचे काय करील, हे ते मानक उत्तम सांगते. इमारत पलीकडच्या पाण्यावरच्या वाऱ्याचे काय करील, हा त्याचा विषयच नाही. एखाद्या वास्तुकाराने आपणहून वाऱ्याचा विचार केला, असेही घडले. चार्ल्स कोरिया यांची १९८३ ची कांचनजंगा ही कंबाला हिलवरची इमारत पूर्व-पश्चिम तोंडाची आहे आणि तिच्या दुमजली उंचीच्या व्हरांड्यांतून समुद्राचा वारा घरात खेळतो. पण तो विचार आतल्या रहिवाशांपुरता आहे.

आता वेळ पूर्व किनाऱ्याची आहे. गोद्यांचे काम घटले, शिवडीपासून वाडीबंदर-माझगावपर्यंतची बंदराची जमीन नव्याने वापरण्याच्या योजना निघाल्या आणि २०१४ मध्ये राणी जाधव समितीने त्या जमिनीचा अभ्यास केला. लोकांना समुद्र दिसावा, फिरायला जागा मिळावी, धक्के आणि नौकानयनाची सोय व्हावी, या मागण्या रास्त आहेत. पण त्याच काठावर उंच मनोऱ्यांची सलग रांग आली, तर खाऱ्या वाऱ्याच्या वाटेतले ते शेवटचे बांधकाम असेल. मागे जमीन नाही, फक्त पाणी. नरिमन पॉइंटच्या आणि बंदराच्या मध्ये निदान दीड किलोमीटर शहर होते, इथे अंतर शून्य. मनोरे उभे करायचेच असतील तर ते वाऱ्याच्या दिशेला कड करून, मध्ये रुंद पूर्व-पश्चिम पट्टे सोडून करता येतात. शहराची प्रतिकृती पवनबोगद्यात ठेवून पाण्यावरच्या वाऱ्याचा नकाशा आधी काढता येतो. हे तंत्र आता जुने आहे, अॅलन डेव्हनपोर्ट यांनी कॅनडात त्यासाठीचा खास बोगदा १९६५ मध्येच सुरू केला. तुलनेसाठी कुलाबा वेधशाळेच्या जुन्या नोंदी हाताशी आहेत. प्रत्यक्ष बंदराच्या पाण्यावर, बांधकामाला सुरुवात होण्यापूर्वी, निदान दोन-तीन हिवाळे वारा मोजायला हवा, आणि तो निविदा निघायच्या आधी.