तुपाची पारख आणि चांद्याचे अरण्य

ज्या जुन्या चांदा जिल्ह्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली विभक्त झाला, त्या मुलखातही, सर्व महाराष्ट्राप्रमाणेच, तुपाची पारख रंग, गंध आणि कणी या तीन लक्षणांवर चालत आली. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या गाईचे तूप पिवळेधमक आणि ऐन उन्हाळ्यातले फिके, हे गवळ्यास ठाऊक होते. त्या पिवळेपणात पोषण किती, हे मोजण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नव्हते.

ते साधन प्रयोगशाळेने दिले. 1913 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे ऑस्बॉर्न व मेंडेल यांनी लोण्याच्या स्निग्धांशात उंदरांच्या वाढीस अत्यावश्यक द्रव्य असल्याचे दाखविले. तेच पुढे अ जीवनसत्त्व म्हणून विख्यात झाले. आरंभी त्याचे माप उंदरांच्या वाढीवरूनच घ्यावे लागे. 1926 मध्ये कार आणि प्राइस यांनी सांगितलेल्या रंगपरीक्षेवरून सोपी रीत रूढ झाली: स्निग्धांशाचे दाहक पोटॅशने साबणीकरण करावयाचे, साबण न होणारा अंश ईथरने वेगळा काढून क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवावयाचा, आणि त्यावर अँटिमनी ट्रायक्लोराइड ओतताच उमटणारी निळाई विरण्यापूर्वी, अवघ्या काही सेकंदांत, मोजून घ्यावयाची. ओलाव्याने हा द्रव गढूळतो; म्हणजे ज्या वर्षाऋतूत गाईचे तूप समृद्ध, त्याच ऋतूतील हवा परीक्षकाची कसोटी पाहणारी! अशा परीक्षणांनीच म्हशीच्या पांढऱ्या तुपासही न्याय मिळाला. कारण म्हैस चाऱ्यातील कॅरोटीनचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर अ जीवनसत्त्वात करते, त्यामुळे तिच्या तुपात रंग नसला तरी सत्त्व असते. पुढे कायद्याने कारखान्यातील वनस्पती तुपातही प्रति ग्रॅम 25 आंतरराष्ट्रीय एकके अ जीवनसत्त्व घालण्याची सक्ती केली.

परंतु गडचिरोलीतील भामरागडकडील माडिया आदिवासींच्या जुन्या रीतीत गाईचे दूध वासराचे मानले जाई, ते काढण्याचा प्रघात नव्हता. आहारातील स्निग्धांश मोहाच्या बियांच्या तेलाचा, आणि अ जीवनसत्त्वाचा आधार रानभाज्यांतील कॅरोटीनचा. तेथे तुपाचे आकडे कितीही अचूक असले तरी ते ताटापर्यंत पोहोचत नसत. 1970 पासून देशात बालकांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा लोण्याच्या अभ्यासातून जन्मलेले हे ज्ञान दूध न पिणाऱ्या घरांच्याही उपयोगी पडण्याची वाट खुली झाली. म्हणून या अरण्यप्रदेशातील पोषणाचा विचार करणाऱ्याने प्रयोगशाळेचा आकडा जितक्या आदराने वाचावा, तितक्याच आदराने तेथील माणूस काय खातो आणि का खातो, याचीही नोंद ठेवली पाहिजे.