गुत्त्यातून आलेलं क्रियापद

रशियन ‘कुपीत्य’, पोलिश ‘कूपिच’, क्रोएशियन ‘कूपिती’. अर्थ एकच, विकत घेणे. यांचं आदि-स्लाव्ह मूळ अभ्यासक *कूपिति असं मांडतात; चांदणी ही रूप अनुमानाने सिद्ध केल्याची खूण. मला मात्र ओढ लागली ती या शब्दाने हुसकावलेल्या शब्दाची. जुन्या रशियनमध्ये त्याच अर्थाचं ‘क्रिनुति’ सापडतं, आणि ते संस्कृत ‘क्रीणाति’चं सख्खं भावंड! आपली ‘विक्री’ त्याच ‘क्री’ धातूची. ‘खरेदी’ फारसीतून आली, पण फारसी ‘खरीदन’ही त्याच कुळातलं. स्लाव्हांकडे असा घरचा शब्द असताना परका का आला?

वाट बहुतेकांना मान्य आहे. लॅटिन ‘काउपो’ म्हणजे दारू विकणारा, खाणावळ चालवणारा. त्यावरून जर्मानिक भाषांत क्रियापद झालं. जर्मन ‘काउफेन’ आणि इंग्रजी ‘चीप’ त्याच घराण्यातले. तिथून ते स्लाव्हांकडे आलं; ‘आउ’चा ‘ऊ’ होणं स्लाव्हमध्ये नियमाचंच.

वाद आहे तो शेपटीचा. गॉथिक या जुन्या पूर्व जर्मानिक भाषेतलं रूप ‘काउपोन’. ‘-इति’ हा प्रत्यय मात्र ‘काउप्यान’सारख्या रूपाशी जास्त जुळतो, म्हणून काहीजण पश्चिम जर्मानिककडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. ‘-इति’ लावून क्रियापदं घडवणं ही स्लाव्हांची रोजची सवय; उसन्या शब्दालाही त्यांनी तोच प्रत्यय लावला असणार. दुसरा पक्ष म्हणतो, शब्द देशीच आहे, ‘गोळा करणे’ या अर्थाच्या ‘कूपिति’वरून आलेला. पण क्रोएशियन-सर्बियनमध्ये ही दोन्ही क्रियापदं आजही वेगळ्या आघाताने उच्चारली जातात. मूळ एक असतं तर हा फरक कुठून आला?

परका शब्द का आला, याचं खरं उत्तर माझ्या मते गॉथिकमध्येच आहे. तिथे नुसतं विकत घेण्याला ‘बुग्यान’ होतं. ‘काउपोन’चा अर्थ धंदा करणे, चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात, लूकच्या शुभवर्तमानात, तो याच अर्थाने येतो. म्हणजे स्लाव्हांनी उचलला तो रोमन सीमेवरच्या नाण्यांच्या आणि दारूच्या बाजाराचा शब्द. बाजार वाढला तसा ‘क्रिनुति’ मागे पडला. उत्तरेला फिन्नांनीही हाच शब्द जर्मानिककडून घेतला, पण ‘आउ’ न बदलता: फिनिशमध्ये दुकानाला आजही ‘काउप्पा’ म्हणतात.