पंधरा हजार तास

स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिही, असा निरोप आला आणि मला मायकल रटर आठवले. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. बालमानसोपचाराशी माझा संबंध नाही. पण मध्यंतरी लेकीला शाळा नकोशी झाली, तेव्हा वाचता वाचता त्यांच्यापर्यंत पोहोचले.

रटर यांचा जन्म १९३३ चा, लेबनॉनमधला. १९४० मध्ये युद्धामुळे सात वर्षांच्या मायकलला धाकट्या बहिणीबरोबर अमेरिकेला पाठवलं. तिथे दोघं वेगवेगळ्या कुटुंबांत राहिली. पुढे बर्मिंगहॅमला वैद्यकीचं शिक्षण झालं. वडिलांसारखं फॅमिली डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ऑब्री लुईस यांनी त्यांना मुलांवरच्या संशोधनाकडे वळवलं. १९६४-६५ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तेव्हा पालक आणि शिक्षकांना विचारलंच, पण मुलांशीही समोर बसून बोलले. १९७३ मध्ये रटर ब्रिटनमधले बालमानसोपचाराचे पहिले प्राध्यापक झाले.

आपल्या कामाचं त्यांचं पुस्तक १९७९ चं, ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’. पाचव्या वर्षापासून शाळा संपेपर्यंत मूल सुमारे १५,००० तास शाळेत काढतं, म्हणून हे नाव. रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या १२ माध्यमिक शाळा पाहिल्या. हजेरी, वागणूक, परीक्षेतलं यश, सगळ्यांत शाळाशाळांमध्ये मोठा फरक होता. मुलं कुठल्या घरांतून आली, एवढ्याने तो उलगडेना. इमारत जुनी की नवी, यानेही नाही. संबंध दिसला तो रोजच्या साध्या गोष्टींशी: तास वेळेवर सुरू होणं, गृहपाठ देऊन तो पाहणं, मुलांचं काम भिंतीवर लावणं, शाबासकी, जबाबदारी.

आपली शाळाही पत्र्याची होती. फळ्यावर सुविचार लिहायचं काम बाईंनी मला दिलं आणि मी बोलायला लागले. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला कधीच काही मिळालं नाही. नववीच्या दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. का, ते कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालावरून केली, त्यामुळे तिचं नाव तिच्यात नाही. तिनेही हजारो तास इथेच काढले होते. पुढच्या वेळी यादी आठवीच्या हजेरीपटावरून करूया. तिला शोधायचं काम माझ्याकडे द्या.