अध्यापनपीठाकडून कारखान्याकडे

पुण्याहून आळंदीस जातांना वाटेंत दिघी हें गांव लागतें. आषाढी वारींत ज्ञानोबांची पालखी येथूनच पुण्याकडे जाते. एरवीं या गांवाची ओळख लष्करी हद्दीचीं कुंपणें, संरक्षणखात्याची अभियांत्रिकी संशोधनशाळा आणि सैनिकांच्या मुलांसाठीं १९९४ सालीं निघालेलें आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांवरून होते. भोसरी-चाकणचे कारखाने येथून जवळ, आणि नदीपलीकडे खडकी. विद्या व यंत्र इतक्या थोड्या अंतरांत शेजारीं नांदत असलेलीं पाहिलीं म्हणजे जगभर चर्चिला जाणारा एक प्रश्न सहजच मनांत येतो. विद्यापीठांतील नाणावलेले अध्यापक आपलीं पीठें सोडून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या कंपन्यांत, ज्यांस हल्लीं स्टार्टअप म्हणतात त्यांत, जात आहेत. यांत विद्येचें कांहीं नुकसान आहे काय?

हा प्रश्न अगदीं नवा आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं पुण्याचाच इतिहास चाळावा. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढल्या वर्षीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर शिकवावें, असा तो संकल्प होता. गोखल्यांसारख्या बुद्धिमान् माणसास महिना ७५ रुपये मिळत. हा संकल्प कोठवर ताणावा यावरूनच मंडळींत फूट पडली. सभासदानें आपला सारा वेळ संस्थेस द्यावा, बाहेर द्रव्यार्जन करूं नये, हा टिळकांचा आग्रह. संसार वाढला, गरजा वाढल्या, तेव्हां इतका कडक नियम चालावयाचा नाहीं, ही दुसऱ्या पक्षाची बाजू. १८९० च्या अखेरीस टिळकांनीं राजीनामा दिला. म्हणजे व्रताविषयीं जो सर्वांत कडक, तोच बाहेर पडला! वादांत व्यक्तिद्वेषाचा अंश किती होता हें आतां निवडीत बसण्यांत स्वारस्य नाहीं. अध्यापकाच्या वेळेवर हक्क कोणाचा, हा त्यांतला प्रश्न मात्र अद्याप जिवंत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट निराळी. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. बढतीच्या वेळीं त्यांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास जागा देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं नोकरीवर पाणी सोडलें व बेळगांव गांठलें. पुढें लोखंडी नांगर झाला, १९१० त किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ त त्याच घराण्याच्या तेलइंजिनांचा कारखाना दिघीजवळच्या या खडकीस उभा राहिला. आमच्या मतें विद्वानास बाहेर लोटण्यास पगारापेक्षां अपमान पुष्कळदां अधिक समर्थ ठरतो.

परंतु १९८१ सालीं ई. सी. सुब्बाराव कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापकपद सोडून पुण्यास टाटांच्या नव्या संशोधनकेंद्राचे पहिले संचालक झाले, तें अपमानामुळें नव्हे. विद्येचा उपयोग करून पाहण्याची हौस त्यांस येथें भागवितां आली. भाताच्या तुसाच्या राखेनें पाणी शुद्ध करण्याची, गरिबाच्या घरांत चालेल अशी युक्ति याच केंद्रांत सिद्ध झाली. केशव नोरी हेहि कानपूरहून येथेंच आले. झुरिच येथें पास्कल या संगणकभाषेचा जो भाषांतरक तयार झाला, त्याच्या कर्त्यांपैकीं ते एक. तो जगभरच्या विद्यापीठांस उघडपणें वांटला गेला व पुष्कळांनीं त्यावर आपापल्या यंत्रांसाठीं पुढील इमारत बांधली.

नरेंद्र करमरकरांचें उदाहरण आजच्या प्रश्नास सर्वांत जवळचें आहे. १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत त्यांनीं रेषीय नियोजनाची प्रसिद्ध रीति शोधिली. कंपनीनें त्या गणितरीतीवर पेटंट मागितलें आणि १९८८ त तें मिळालेंहि. गणितावर मालकी सांगतां येते काय, यावर तेव्हां बरीच खळबळ उडाली. पुढें ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्राध्यापक होते. महासंगणकाची नवी रचना त्यांच्या मनांत घोळत होती, आणि तसें यंत्र उभारणें अध्यापनसंस्थेच्या आवाक्यांतलें नव्हे. २००६ सालीं टाटा समूहाच्या अध्यक्षांचे शास्त्रीय सल्लागार म्हणून ते पुण्यांतील या कार्यास लागले, पण पुढल्याच वर्षीं वेगळे झाले. नोव्हेंबर २००७ मध्यें येथील ‘एका’ नांवाचा महासंगणक जगाच्या यादींत चौथा आला. यंत्र राहिलें, गणिती गेले.

आजच्या स्थलांतराचें कारणहि बहुतांशीं हेंच, यंत्र. २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठाचे जेफ्री हिंटन व त्यांचे दोन शिष्य, क्रिझेव्हस्की आणि सुत्स्केव्हर, यांनीं चित्रें ओळखणारें जें जाळें घडविलें, त्यास दोन ग्राफिक्स कार्डें व पांच-सहा दिवस पुरले. तिघांनीं छोटी कंपनी काढली. मार्च २०१३ त ती गूगलनें विकत घेतली. २०१५ त पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या यंत्रमानव-केंद्रांतून सुमारें चाळीस माणसें उबर कंपनीनें एकदम उचललीं. एक अध्यापक गेल्यास जागा भरतां येते. अख्खी शाळाच उठून गेली तर शिष्यांनीं कोणाच्या पायाशीं बसावें? तथापि जाणाऱ्यांस लोभी ठरविणें आम्हांस पटत नाहीं. ज्यास आपल्या प्रयोगासाठीं हजारों कार्डें लागतात, त्यास महाविद्यालयानें दोन देऊन निष्ठेचा उपदेश करावा, हें थोडें हास्यास्पदच आहे. उलट हिंटन यांनीं २०२३ त गूगल सोडलें, तें या विद्येच्या धोक्यांविषयीं मोकळेपणीं बोलतां यावें म्हणून. कंपनीनें यंत्र दिलें. मोकळेपणासाठीं मात्र तिच्याबाहेर पडावें लागलें.

खरें नुकसान आम्हांस वाटतें तें माणूस कोठें बसतो यांत नसून, त्याला कळलेलें दुसऱ्यास शिकतां येतें कीं नाहीं यांत आहे. दिघीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यानें टोरोंटोचा २०१२ चा निबंध उघडला, तर जाळ्यांत सहा कोटि परिमाणें होतीं, थर किती होते, शिक्षणास किती दिवस लागले, सारें त्यास तेथें मिळतें. धीर असेल तर तो तें पुन्हां घडवूनहि पाहील. ओपनएआय कंपनीनें मार्च २०२३ मध्यें आपल्या जीपीटी-४ या यंत्राविषयीं लांबलचक अहवाल प्रसिद्ध केला. स्पर्धा व सुरक्षितता यांचें कारण देऊन यंत्राची रचना, आकार व शिकविण्याची पद्धति यांचा तपशील दिलेला नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे.